औषधाची रक्तपातळी : नुसता आकडा पुरेसा नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अपस्माराविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा झटका आल्यावर काय करावे याबद्दल असते. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. हे सांगायलाच हवे. पण ज्यांचे उपचार वर्षानुवर्षे चालू आहेत त्यांच्या हाती अधूनमधून एक कागद पडतो. त्यावर औषधाचे नाव, एक आकडा आणि शेजारी 'नॉर्मल रेंज' एवढेच असते. त्या आकड्यावरून गोळी वाढते किंवा कमी होते, आणि तो आकडा कसा तयार झाला हे कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे असे की शेवटची गोळी कधी घेतली, रक्त कधी काढले, कोणत्या नळीत काढले आणि कोणत्या पद्धतीने मोजले, या चार गोष्टी ज्या रिपोर्टवर नाहीत तो अपुरा आहे. त्याच्या आधारे डोस बदलू नये.

आधी वेळेचे पाहू. गार्डिनाल या नावाने घरोघरी ठाऊक असलेले फेनोबार्बिटोन शरीरातून फार सावकाश जाते. प्रौढांत ते निम्मे व्हायला साधारण ८० ते १०० तास लागतात, म्हणून त्याचे रक्त सकाळी काढले काय नि संध्याकाळी काढले काय, फारसा फरक पडत नाही. लेव्हेटिरॅसिटॅम या अपस्मारावरच्या दुसऱ्या औषधाचे तसे नाही. ते ६ ते ८ तासांत निम्मे होते. रात्री ८ ला गोळी घेऊन दहा वाजता रक्त दिले आणि तीच माणसे पुढच्या वेळी सकाळी आठला, गोळीच्या आधी आली, तर डोस तोच असूनही दोन रिपोर्टांत अडीच-तीनपट फरक दिसेल. व्हॅल्प्रोएट हे आणखी एक औषध ९ ते १६ तासांत निम्मे होते. तेही वेळेला संवेदनशील आहे. त्यात आतड्यात विरघळणारी गोळी असेल तर तिचे औषध काही तास उशिराने रक्तात चढते, आणि सावकाश सुटणाऱ्या गोळीचे गणित आणखी निराळे. म्हणून नियम एकच ठेवावा : रक्त सकाळच्या गोळीच्या आधी काढावे आणि गोळी रक्त दिल्यावर लगेच घ्यावी. उपाशी राहण्याची गरज नसते, पण 'रक्त तपासायचे आहे' म्हणून रुग्ण चहाबरोबर गोळीही टाळतात आणि दुपारपर्यंत तशीच राहू देतात. हे धोक्याचे आहे. नियमाला अपवाद एकच. रुग्णाला विषबाधेची लक्षणे आहेत किंवा आत्ताच झटका येऊन गेला आहे, अशा वेळी थांबू नये. रक्त तत्काळ काढावे, मात्र वेळ लिहावी.

डोस बदलल्यावर किती दिवसांनी तपासावे हाही वेळेचाच प्रश्न. निम्मे होण्याच्या काळाच्या सुमारे पाचपट वेळ गेल्याशिवाय पातळी स्थिरावत नाही. लेव्हेटिरॅसिटॅमला दोन दिवस पुरतात, फेनोबार्बिटोनला दोन ते तीन आठवडे लागतात. कार्बामाझेपिन हे औषध तर आपल्याच विघटनाचा वेग वाढवते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात छान दिसणारी पातळी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच डोसवर खाली आलेली असते. रुग्ण गोळ्या चुकवतो आहे असा संशय अशा वेळी घेतला जातो. तो बहुतेकदा अन्यायाचा असतो.

फेनिटॉइनबद्दल थोडे जास्त लिहिणे भाग आहे, कारण घोळ सर्वांत जास्त तिथेच होतात. १९३८ साली मेरिट आणि पुटनम यांनी अपस्मारावर वापरात आणलेले हे औषध आजही स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते आणि झटके चांगले आवरते. पण त्याचे विघटन करणारे यकृतातले एन्झाइम नेहमीच्या डोसलाच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. न्हाणीघराची मोरी तुंबायच्या बेतात असताना आणखी एक तांब्या ओतावा तसे होते. हिशोब मांडून दाखवतो. ६० किलोचा माणूस, विघटनाची कमाल क्षमता दर किलोला रोज ७ मिलिग्रॅम आणि निम्म्या वेगाची पातळी (ज्या पातळीला विघटन कमाल वेगाच्या निम्म्याने चालते ती) ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर, असे सरासरी आकडे धरले तर रोज ३०० मिलिग्रॅम सोडियम फेनिटॉइनवर रक्तपातळी ८ च्या आसपास स्थिरावते, ३५० वर १३ होते आणि ४०० वर २८. पहिल्या ५० मिलिग्रॅमने पाच वाढले, दुसऱ्या ५० ने पंधरा. अपेक्षित पातळी १० ते २०. विसाच्या वर डोळ्यांची बुबुळे थरथरू लागतात, तिसाच्या वर चालताना तोल जातो, चाळिसाच्या वर गुंगी आणि गोंधळ. आता विचार करा, याच रुग्णाची खरी पातळी १३ असताना नळीच्या किंवा मोजणीच्या दोषाने रिपोर्टात ८ आले, तर डोस १०० ने वाढवला जाईल आणि तीन आठवड्यांत तो माणूस भिंत धरून चालू लागेल. गोळीतल्या निष्क्रिय भुकटीनेही हे घडू शकते. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज भरले गेले आणि डोस तोच असताना अनेकांना विषबाधा झाली, कारण औषध जास्त शोषले जाऊ लागले. म्हणून फेनिटॉइनचा ब्रँड बदलला असेल तर तेही चिठ्ठीवर यायला हवे. औषधाच्या दुकानात 'तेच आहे, कंपनी वेगळी' असे सांगून दिलेली पट्टी इथे तपासणीची बाब ठरते.

नळीचा विषय क्षुल्लक वाटतो, पण निम्म्या चुका तिथे जन्मतात असे आमचे मत आहे. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त आणि सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारे पाणी) वेगळे ठेवणारे जेल असते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधे त्या जेलमध्ये शोषली जातात. रक्त जितके कमी आणि जेलवर सीरम जितका वेळ उभे, तितकी घट जास्त. लहान मुलाचे मिलिलीटरभर रक्त जेलच्या नळीत घालून रात्रभर ठेवणे म्हणजे रिपोर्ट बिघडवण्याची हमी. हल्लीची काही जेले सुधारलेली आहेत, तरीही आपल्या नळ्या ज्याने त्याने पडताळून पाहिल्याशिवाय वापरू नयेत. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेटचे द्रावण असते, नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणजे नमुना सरळ पातळ होतो. लाल झाकणाची साधी नळी घ्यावी, प्रौढाचे ३ ते ४ मिलिलीटर रक्त काढावे, अर्धा तास गोठू द्यावे, दहा मिनिटे सेंट्रीफ्यूज करून दोन तासांच्या आत सीरम दुसऱ्या स्वच्छ नळीत काढावे. लेव्हेटिरॅसिटॅम रक्तपेशींसोबत राहिले तर नळीतच त्याचे विघटन चालू राहते, म्हणून तिथे उशीर आणखी महाग. सीरम काही दिवस २ ते ८ अंशांत टिकते, त्याहून जास्त ठेवायचे तर उणे २० अंश. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात, स्कूटरच्या डिकीत सीरम वेगळे न केलेल्या रक्ताच्या नळ्या शहरभर फिरवणे कोणत्याच तपासणीला चालत नाही. आणि ज्या हाताच्या शिरेतून फेनिटॉइन चालू आहे त्या हातातून रक्त मुळीच काढू नये.

आता मोजणी. बहुतेक ठिकाणी प्रतिपिंडांवर आधारलेले किट वापरतात. एका जुन्या नि भरवशाच्या प्रकारात औषधाचा रेणू एका एन्झाइमला जोडलेला असतो. रुग्णाच्या रक्तातले औषध आणि हे एन्झाइमला जोडलेले औषध मोजक्या प्रतिपिंडांसाठी झगडतात. रक्तात औषध जास्त असेल तर एन्झाइम मोकळे राहते आणि ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषला जाण्याचा वेग वाढतो. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळते, काही थेंब सीरम पुरते, रात्री-अपरात्रीही करता येते. तातडीच्या कामाला याहून सोयीचे काही नाही. पण प्रतिपिंड औषधाचा चेहरा ओळखते, आणि चेहरा मिळताजुळता असला की फसते. कार्बामाझेपिनचे एक विघटित रूप, इपॉक्साइड, स्वतः परिणामकारक आणि त्रासदायक असते. काही किट ते जवळजवळ पूर्ण मोजतात, काही अजिबात नाही. रुग्ण सोबत व्हॅल्प्रोएटवर असेल तर इपॉक्साइड वाढते. मग एका प्रयोगशाळेत ८ आणि दुसऱ्या ठिकाणी १२ असा फरक दिसतो, आणि ८ वाल्या रिपोर्टवर विसंबले तर रुग्णाला दोन-दोन दिसणे, गरगरणे कशामुळे होते ते कळतच नाही. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बरोबर असतात. रिपोर्टवर पद्धतीचे नाव हवे ते याचसाठी. असेच फॉसफेनिटॉइनचे (शरीरात गेल्यावर फेनिटॉइन होणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन दिल्यावर शिरेतून असेल तर दोन तास आणि स्नायूत असेल तर चार तास थांबावे, कारण तोवर किट न बदललेले फॉसफेनिटॉइनही फेनिटॉइन म्हणून मोजू शकते. मूत्रपिंडे निकामी असलेल्यांत साचलेले विघटित पदार्थ काही किटना चकवतात. ब्रिव्हॅरॅसिटॅम हे लेव्हेटिरॅसिटॅमशी मिळतेजुळते औषध घेणाऱ्याचे रक्त लेव्हेटिरॅसिटॅमच्या किटवर लावले तर आकडा निरर्थक येतो. आणि पातळी किटच्या मर्यादेबाहेर गेली की सीरम नळाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने पातळ करून चालवणारे तंत्रज्ञ असतात. किटच्या पत्रकात सांगितलेल्या द्रवानेच, बहुधा शून्य कॅलिब्रेटरनेच (औषध नसलेल्या प्रमाण द्रवाने), ते पातळ करावे.

एचपीएलसी (उच्च दाबाखालची द्रव क्रोमॅटोग्राफी) ही पद्धत औषध आणि त्याची विघटित रूपे वेगळी करून दाखवते, आणि एका फेरीत तीन-चार औषधे मोजते. २०० मायक्रोलीटर सीरम घ्यावे, त्यात इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात टाकलेला दुसरा पदार्थ) घातलेले ४०० मायक्रोलीटर थंड अॅसिटोनायट्राइल टाकावे, अर्धा-एक मिनिट जोरात घुसळावे, प्रथिने खाली बसेपर्यंत दहा मिनिटे वेगाने फिरवावे आणि वरचे स्वच्छ पाणी २० मायक्रोलीटर टोचावे. साधारण २५० बाय ४.६ मिलिमीटरचा सी-१८ कॉलम, फॉस्फेट बफर आणि अॅसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल यांचे मिश्रण, मिनिटाला एक मिलिलीटर, २१० नॅनोमीटरच्या आसपास नोंद. इंटर्नल स्टँडर्ड प्रथिने बसवण्याच्या आधी पडलेच पाहिजे. नंतर टाकले तर वाटेत झालेले नुकसान ते दाखवूच शकत नाही. फेनोबार्बिटोनचा आम्ल-बिंदू (पीकेए, ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू विद्युतभारित होतात) सव्वासातच्या पुढेमागे असल्याने बफरचा पीएच त्या भागात असेल तर जरा हलला तरी आलेखावरचे त्याचे शिखर सरकते, म्हणून पीएच मुद्दाम त्याहून खाली ठेवावा आणि अॅसिटोनायट्राइल मिसळण्याआधी मोजावा. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन शेजारी-शेजारी येतात. कॉलम म्हातारा झाला की ती दोन शिखरे एकमेकांत घुसतात आणि संगणक निमूटपणे दोघांचे मिळून क्षेत्रफळ मोजतो. बफरवर चाललेला कॉलम थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइलने धुतला तर क्षार आतच साखळतात आणि दाब वाढतो. आधी पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणाने अर्धा तास धुवावे.

सर्वांत गुपचूप होणारी चूक वजनाची, म्हणजे यंत्राच्या कॅलिब्रेशनसाठी ज्ञात पातळीची द्रावणे करताना औषध तोलण्याची. फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट बाजारात सोडियमच्या क्षाररूपात मिळतात, आणि रक्तपातळी मात्र मूळ आम्लाच्या हिशोबात सांगतात. १०० मिलिग्रॅम फेनिटॉइन हवे असेल तर सोडियम फेनिटॉइन १०८.७ मिलिग्रॅम तोलावे लागते. १०० मिलिग्रॅम व्हॅल्प्रोइक आम्लासाठी सोडियम व्हॅल्प्रोएट ११५.२. हा हिशोब विसरला की सगळेच निकाल खऱ्यापेक्षा चढे येतात, फेनिटॉइनचे आठ-नऊ टक्के आणि व्हॅल्प्रोएटचे पंधरा. त्याच बाटलीतून केलेले कंट्रोलही (पडताळणीसाठीचे ज्ञात पातळीचे नमुने) तेवढेच चढलेले असल्याने तक्त्यावर सगळे सुरळीत दिसते. म्हणून कंट्रोल वेगळ्या वजनातून, शक्यतो वेगळ्या माणसाने करावेत. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतले पाणी झपाट्याने ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या दमट हवेत बाटली उघडी ठेवून तोलत बसले तर तराजूवर औषधाबरोबर पाणीही चढते. शिवाय व्हॅल्प्रोएट अतिनील प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे वरच्या साध्या एचपीएलसीने ते मोजता येत नाही. त्याला आधी दुसऱ्या रसायनाशी जोडावे लागते, नाहीतर गॅस क्रोमॅटोग्राफी, मास स्पेक्ट्रोमीटर किंवा किट वापरावे लागते. कॅलिब्रेशनसाठी किमान सहा पातळ्या औषधरहित सीरममध्ये तयार कराव्यात, नुसत्या मिथेनॉलमध्ये नव्हे. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन कंट्रोलपैकी एखादे १५ टक्क्यांहून अधिक चुकले तर कारण सापडेपर्यंत रुग्णांचे निकाल देऊ नयेत.

यानंतर येतो प्रथिनांचा प्रश्न. फेनिटॉइन सुमारे ९० टक्के अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेले असते, काम उरलेले १० टक्के करतात, आणि नेहमीची तपासणी मोजते एकूण. कुपोषण, यकृताचा आजार, गरोदरपण, मोठी शस्त्रक्रिया यांत अल्ब्युमिन उतरते आणि एकूण पातळी फसवी कमी दिसते. मोजलेल्या आकड्याला, अल्ब्युमिनला ०.२ ने गुणून त्यात ०.१ मिळवलेल्या संख्येने भागावे. फेनिटॉइन ८ आले आणि अल्ब्युमिन दर १०० मिलिलीटरला २ ग्रॅम असेल तर ८ भागिले ०.५, म्हणजे १६. कागदावर कमी दिसणारा रुग्ण प्रत्यक्षात व्यवस्थित आहे. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर हे सूत्र चालत नाही, कारण ते फेनिटॉइनला अल्ब्युमिनवरून ढकलते. तिथे मुक्त औषधच मोजावे लागते. त्यासाठी सीरम प्रथिने अडवणाऱ्या ३०,००० डाल्टनच्या गाळणीतून सेंट्रीफ्यूज करतात, तेही ३७ अंशांवर. वातानुकूलित खोलीत २२-२५ अंशांवर केले तर मुक्त भाग कमी भरतो. व्हॅल्प्रोएट स्वतःही डोस वाढेल तसे अल्ब्युमिनवर मावेनासे होते, त्यामुळे एकूण पातळी थोडी वाढली तरी मुक्त भाग त्याहून जास्त वाढतो.

एक इशारा अतिदक्षता विभागांसाठी. व्हॅल्प्रोएटवरच्या रुग्णाला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केले की पातळी साधारण २४ तासांत कोसळते. तंत्रज्ञ पुन्हा मोजतात, डॉक्टर डोस वाढवतात, पातळी वर येत नाही. मोजणी चुकलेली नसते. जमत असेल तर अँटिबायोटिक बदलावे, नाहीतर झटक्यांसाठी दुसरे औषध जोडावे.

परदेशात मुले असलेली अनेक कुटुंबे आपल्या शहरात आहेत, म्हणून हेही सांगतो : कॅनडासारख्या देशांत फेनिटॉइन मायक्रोमोल प्रति लीटरमध्ये लिहितात. तिथला ६० म्हणजे आपल्याकडचा १५. तो रिपोर्ट इथे दाखवताना घाबरून गोळी बंद करू नये.

आणि रेंज हे काही देवाज्ञा नव्हे. लॅमोट्रिजिन या औषधाची पातळी ४ वर असताना ज्याला दोन वर्षे झटका नाही त्याची पातळी चारच योग्य. ती एकदा, सगळे ठीक असताना, मोजून जपून ठेवावी. पुढे गरोदरपणात लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटॅम वेगाने उतरतात, किंवा इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिन निम्म्यावर येऊ शकते, तेव्हा तुलना करायला तोच आकडा उपयोगी पडतो. उगाच दर तीन महिन्यांनी तपासण्या करून रुग्णाचे पैसे घालवण्याचे समर्थन आम्ही करणार नाही.

आता बडोद्याबद्दल. १९०७ साली प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेंबिक उभारले तेव्हापासून हे औषधनिर्मितीचे गाव आहे. एचपीएलसी चालवणारे कुशल हात इथे कंपन्यांत आणि सयाजीराव विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात शिकून तयार होतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्र विभाग अशी सेवा चालवतो. सयाजीराव रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठ यांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस जरी ही सोय केली तरी छोटा उदेपूर, पंचमहाल, नर्मदा जिल्ह्यांतून येणाऱ्यांना तिचा आधार होईल. कवांट किंवा नसवाडीहून रक्ताची नळी आणणे अवघड असेल तर बोटाचे रक्त गाळणकागदावर घेऊन तीन-चार तास सावलीत वाळवून टपालाने पाठवता येते. मात्र त्या पट्ट्यात रक्तक्षय आणि सिकलसेल खूप आहे. पातळ रक्ताचा थेंब कागदावर जास्त पसरतो आणि ठरावीक आकाराच्या तुकड्यात औषध कमी भरते, म्हणून त्यासोबत हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) मोजल्याशिवाय ही पद्धत सुरू करू नये.

तोवर एक गोष्ट बिनखर्चाची आहे. प्रत्येक संकलन केंद्राने आपल्या चिठ्ठीवर औषध व ब्रँड, रोजचा डोस, शेवटची गोळी किती वाजता, रक्त किती वाजता, डोस शेवटचा कधी बदलला आणि सोबतची इतर औषधे, एवढे रकाने छापावेत, आणि ते रिकामे असतील तर नमुना घेताना रुग्णाला विचारून भरावेत. रुग्णांनी गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. नावापेक्षा पट्टी जास्त खरे सांगते.

आपले,
औषधपातळी तपासणीच्या कामातील काही वाचक
दांडिया बाजार, बडोदे